पत्र्याचा भाव आणि बोटांचे मोल

केंद्र सरकारने २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता लागू केल्या आणि त्यावर अपेक्षेप्रमाणे बरीच चर्चा झाली. हातात पडणारे वेतन घटणार का, मुदतीच्या कामगाराला वर्षभरात ग्रॅच्युइटी मिळणार का, कपातीसाठी परवानगीची मर्यादा १०० वरून ३०० कामगारांवर नेल्याचा लाभ कोणाला, हे प्रश्न या चर्चेच्या केंद्रस्थानी होते. ते महत्त्वाचे नाहीत असे कोणी म्हणणार नाही. परंतु पिंपरी-चिंचवडपासून चाकण-रांजणगावपर्यंतचा वाहन उद्योग ज्या एका यंत्राच्या ठोक्यावर चालतो, आणि ज्याच्याखाली दरवर्षी कामगारांची बोटे जातात, त्या पॉवर प्रेसचा या चर्चेत उल्लेखही फारसा आढळला नाही. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने 'कारखाना' या शब्दाचीच व्याख्या बदलली आहे, आणि त्या बदलाची सर्वात थेट झळ बसण्याची शक्यता याच यंत्रावर काम करणाऱ्यांना आहे.

प्रेस हे यंत्र शहरी वाचकाला परिचित नसले, तरी त्यातून निघालेली वस्तू त्याच्या हाताखालून दिवसातून शंभर वेळा जाते. मोटारीचा दरवाजा, दुचाकीचा मडगार्ड, सीटखालची फ्रेम, मिक्सरच्या मोटारीतील पातळ चकत्या, स्टीलचे ताट, कुकरचे भांडे, दाराची बिजागरी, साधा वॉशर हे सारे पत्र्यावर प्रेस मारूनच तयार होते. खाली डाय, वर पंच आणि मध्ये पत्रा. पंच खाली आला की पत्र्याचा हवा तो आकार कापला जातो, त्यास ब्लँकिंग म्हणतात. भोक पाडणे म्हणजे पिअर्सिंग. मग वाकवणे, ओढून खोलगट करणे, कडा छाटणे, ठसा उमटवणे. पंच आणि डाय यांच्यातील फट पत्र्याच्या जाडीच्या साधारण पाच ते दहा टक्के ठेवावी लागते. ती वाढली तर कडेला बर येते, कमी झाली तर हत्यार लवकर बोथट होते. टूलरूममधील मंडळी मायक्रॉनच्या हिशेबाने हे सांभाळतात. आपल्याकडचे कसबी डायमेकर कोणत्याही देशातील कारागिरांच्या तोडीचे आहेत, यात शंका नाही.

या यंत्राच्या शक्तीचा अंदाज यावा म्हणून एक सोपे गणित. ५० मिलिमीटर व्यासाची गोल चकती दोन मिलिमीटर जाडीच्या साध्या पोलादी पत्र्यातून कापायची आहे. तिचा परीघ १५७ मिलिमीटर. त्याला जाडीने गुणले की ३१४ चौरस मिलिमीटर धातू तोडायचा, आणि दर चौरस मिलिमीटरला सुमारे ३५ किलो जोर लागतो. म्हणजे एका लहानशा चकतीसाठी ११ टन. गाळ्यागाळ्यांतून दिसणाऱ्या प्रेस ५० टनी, १०० टनी असतात. त्यांच्या दृष्टीने पत्रा आणि बोट यांत काहीच फरक नसतो.

आता प्रश्न असा की बोट तेथे जातेच कशाला? मोठ्या कंपन्यांच्या प्रेस शॉपमध्ये ते जात नाही. तेथे पत्र्याची कॉइल यंत्रानेच पुढे सरकते, प्रोग्रेसिव्ह डायमध्ये एकामागून एक टप्पे पार पडतात आणि तयार नग बाहेर पडतो. दरवाजे, बॉनेट यांसारख्या मोठ्या भागांची ने-आण एका प्रेसकडून दुसरीकडे यांत्रिक हात करतात. परंतु प्रोग्रेसिव्ह डाय महाग असते आणि तिचा खर्च भरून निघायला नगांची संख्या मोठी लागते. महिन्याला काही हजार नगांचे काम असेल तर त्या वाटेला कोणी जात नाही. मग चार टप्प्यांचा ब्रॅकेट चार साध्या हत्यारांवर, चार वेगवेगळ्या वेळी, हाताने नग ठेवून काढला जातो. एका नगासाठी हात चारदा डायखाली. ताशी ६०० ठोक्यांचा हिशेब धरला तरी बारा तासांच्या पाळीत एका कामगाराचा हात ७,२०० वेळा त्या जागी जाऊन परत येतो. ७,१९९ वेळा तो वेळेवर परत आला, तर त्याचे श्रेय कोणी देत नाही. एकदा आला नाही, तर चौकशीत 'कामगाराचा निष्काळजीपणा' असा शेरा बसतो.

हा शेरा किती पोकळ आहे हे समजण्यासाठी यंत्राच्या पोटात थोडे शिरावे लागेल. लहान कारखान्यांतील जुन्या प्रेस बहुधा पिन क्लचच्या असतात. जड फ्लायव्हील सतत फिरत असते. कामगाराने पॅडल दाबले की एक पिन अडकते, फ्लायव्हील आणि क्रँकशाफ्ट जोडले जातात आणि रॅम खाली येऊन पुन्हा वर जातो. एकदा पिन अडकली की पूर्ण फेरा होईपर्यंत तो रॅम मध्येच थांबविण्याची कोणतीही सोय या रचनेत नाही. मालकाने ओरडून, कामगाराने पाय काढून वा विजेचा खटका बंद करूनही तो थांबत नाही, कारण ठोक्याची ताकद फ्लायव्हीलमध्ये आधीच साठलेली असते. त्यातच पिन झिजली वा तिची स्प्रिंग तुटली, तर पॅडल न दाबताही दुसरा ठोका पडतो. 'प्रेस डबल मारते' हे वाक्य भोसरीत कोणत्याही सेटरच्या तोंडी ऐकायला मिळेल, तेही हवापाण्याबद्दल बोलावे तितक्या सहजपणे. पहिला ठोका पडला, नग काढायला हात आत गेला आणि नेमका तेव्हाच दुसरा ठोका पडला, तर त्यात निष्काळजीपणा कोणाचा?

दुसऱ्या प्रकारच्या प्रेसला हवेच्या दाबावर चालणारा घर्षण क्लच आणि ब्रेक असतो. ती खाली येता येता कुठेही थांबविता येते. प्रकाशकिरणांचा पडदा, ज्याला कारखान्यात सरसकट 'सेन्सर' म्हणतात, तो फक्त याच प्रेसवर अर्थपूर्ण आहे. किरण तुटले की ब्रेक लागतो. पण तेथेही हिशेब आहे. हात साधारणपणे सेकंदाला १.६ मीटर वेगाने पुढे जातो असे मानण्याची पद्धत आहे. ब्रेक लागायला ०.२ सेकंद लागत असतील, तर तेवढ्या वेळात हात ३२ सेंटिमीटर पुढे गेलेला असतो. म्हणजे पडदा डायपासून किमान तेवढा दूर हवा, आणि ब्रेकचे अस्तर झिजले की तो आणखी दूर न्यावा लागतो. किती ठिकाणी हे मोजून बसविले जाते? पिन क्लचच्या प्रेसवर सेन्सर लावून तपासणीस आलेल्या पाहुण्यांना दाखविणे हा तर निव्वळ देखावा होय. किरण तुटल्याचे त्या यंत्राला कळले, तरी त्याला थांबता कुठे येते?

याचा अर्थ पिन क्लचच्या प्रेसवर उपायच नाही असा मात्र नव्हे, आणि ही गोष्ट आवर्जून सांगायला हवी. डायभोवती जाळीचे वा पत्र्याचे पक्के कवच, ज्याच्या फटीतून पत्रा जाईल पण बोट जाणार नाही. नग सरकवायला घसरण. उचलायला चिमटा वा चुंबक. ही साधने कोणत्याही टूलरूममध्ये उरलेल्या लोखंडातून बनविता येतात. दोन हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय ठोका पडू नये ही व्यवस्थाही जुनीच आहे. अर्थात, एक बटण चिकटपट्टीने कायमचे दाबून ठेवण्याची युक्तीही तितकीच जुनी आहे.

कवच लावायचे का नाही याचा निर्णय बहुतेक वेळा भाव करतो. पत्र्याचे जॉबवर्क ठोक्याच्या दरावर दिले जाते. प्रेसची टनेज सांगा, ठोके सांगा, दर ठरला. वाहन कंपनी पहिल्या फळीच्या पुरवठादाराला काम देते, तो दुसऱ्या फळीला, दुसरा तिसऱ्या फळीतल्या गाळेवाल्याला. प्रत्येक पायरीवर दर काही पैशांनी खाली येतो. चिमट्याने नग ठेवायला हातापेक्षा किंचित जास्त वेळ लागतो. ताशी पन्नास-साठ नग कमी निघाले की त्या पैशांचा हिशेब बिघडतो. गाळेवाल्याला खलनायक ठरविणे सोपे आहे, पण त्याचीही गत फारशी चांगली नसते. लघुउद्योगांचे बिल ४५ दिवसांत चुकते करावे असे २००६ चा कायदा सांगतो. तो पाळला जावा म्हणून पुढे प्राप्तिकर कायद्यात ४३ ब (ह) हे कलम घालावे लागले, यातच काय ते आले. शिवाय अशा गाळ्यातला मालक पुष्कळदा स्वतःच सेटर असतो, आणि त्याच्याही हाताची बोटे मोजून पाहिली तर दहा भरतीलच असे नाही.

या विषयावर सातत्याने काम करणारी संस्था म्हणजे 'सेफ इन इंडिया फाउंडेशन'. हरियाणातील मानेसर-गुडगाव-फरीदाबाद पट्ट्यात जखमी कामगारांना विम्याचे पैसे मिळवून देताना तिच्याकडे जी माहिती साठली, तिच्या आधारे २०१९ पासून ती 'क्रश्ड' या नावाने अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. त्यांतून पुन्हा पुन्हा समोर येणारे चित्र एकसारखे आहे. जखमींपैकी बहुसंख्य स्थलांतरित आणि कंत्राटी. हात चिरडणाऱ्या यंत्रांत पॉवर प्रेस सर्वांत पुढे. हेल्पर म्हणून नेमलेल्या माणसाला प्रेसवर बसविलेले. आणि सर्वांत अस्वस्थ करणारी बाब म्हणजे, अनेकांच्या हातात कर्मचारी राज्य विमा योजनेचे कार्ड पडते ते अपघातानंतर. मानेसर आणि चाकण यांत अंतर बरेच असले, तरी दोन्हीकडच्या पुरवठा साखळीची वीण एकच आहे. कामगारही बिहार, उत्तर प्रदेश, झारखंडचे आणि आपल्याकडे त्यात मराठवाडा-विदर्भाची भर.

बोट गेल्यावर काय मिळते? १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात प्रत्येक बोटाची टक्केवारी दिलेली आहे आणि सामाजिक सुरक्षा संहितेनेही ती परंपरा चालू ठेवली आहे. अंगठा ३० टक्के. तर्जनी पूर्ण गेली तर १४, तिचे एकच पेर गेले तर ९. मधले बोट १२. अनामिका वा करंगळी ७, आणि तिचे एक पेर ५. हाड न जाता केवळ करंगळीचे टोक छाटले गेले तर २ टक्के. विमा योजनेत पूर्ण दर वेतनाच्या ९० टक्के धरतात. म्हणजे महिना १५,००० रुपये मिळविणाऱ्या कामगाराची तर्जनी गेली, तर त्याला जन्मभर दरमहा १,८९० रुपये. करंगळी गेली तर ९४५ रुपये. रक्कम लहान असली तरी ती आयुष्यभर मिळते, आणि कार्ड असलेल्याला ती मिळते हेही या योजनेचे मोठेच ऋण आहे. परंतु या टक्केवारीमागचे गृहीतक तपासून पाहण्यासारखे आहे. तर्जनी नसलेल्या माणसाची कमाईची शक्ती १४ टक्क्यांनी घटते असे ते परिशिष्ट सांगते. मात्र तुटक्या बोटाचा ऑपरेटर दुसऱ्या कारखान्याच्या दारात उभा राहिला, तर त्याला ८६ टक्के नोकरी कोण देणार?

अपंग झालेल्या कामगाराच्या चरितार्थाचा प्रश्न मुळात मुंबईतच प्रथम जाहीरपणे उपस्थित झाला, याची आठवण या निमित्ताने करून देणे अप्रस्तुत ठरणार नाही. १८८४ मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने गिरणी कामगारांनी जे निवेदन दिले, त्यावर सुमारे साडेपाच हजार सह्या होत्या. आठवड्याच्या सुटीच्या मागणीमुळे ते प्रसिद्ध आहे. परंतु त्यातील शेवटची मागणी अशी होती की, कामावर जखमी झालेल्या कामगाराला बरे होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि कायमचा पंगू झाल्यास त्याच्या उदरनिर्वाहाची सोय व्हावी. ही मागणी कायद्यात यायला १९२३ साल उजाडले.

आणि हेच सूत्र धरून कारखाना कायद्याच्या कक्षेचा प्रवास पाहिला, तर आजच्या बदलाचे वेगळेपण ध्यानात येते. १८८१ चा पहिला कायदा १०० कामगारांच्या कारखान्यांना लागू होता. १८९१ मध्ये ही संख्या ५० वर आली, १९२२ मध्ये २० वर आणि स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये, वीज वापरणाऱ्या कारखान्यांसाठी, १० वर. साडेसहा दशके कायद्याची कक्षा रुंदावतच गेली. नव्या संहितेने ही संख्या पुन्हा २० वर नेली आहे, वीज न वापरणाऱ्यांसाठी २० वरून ४० वर. लहान उद्योगांवरील कागदोपत्री ओझे कमी व्हावे हा त्यामागील युक्तिवाद आहे आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. रजिस्टरांच्या थप्प्यांनी कोणाचे बोट वाचले नाही. परंतु बारा-पंधरा कामगारांचा आणि चार प्रेसचा गाळा या बदलाने आस्थापना म्हणून नोंदेल, मालकाची सर्वसाधारण कर्तव्येही त्याला चिकटतील. पण कारखाना म्हणून ज्या विशिष्ट तरतुदी लागू होतात त्यांच्या बाहेर तो राहील. धोका कामगारांच्या संख्येवरून मोजायचा की यंत्रावरून, हा खरा प्रश्न आहे. पाचशे जणांच्या सॉफ्टवेअर कंपनीपेक्षा चार जणांच्या प्रेस शॉपमध्ये बोट जाण्याची भीती अधिक, हे सांगायला तज्ज्ञ कशाला हवा?

संहितेत स्वागतार्ह काही नाही असेही नाही. जुन्या कायद्याच्या कलम ९२ नुसार सुरक्षेच्या तरतुदी मोडल्यामुळे गंभीर दुखापत झाली, तर किमान दंड होता ५,००० रुपये. आता तो किमान दोन लाख आणि कमाल चार लाख आहे, आणि त्यातील निम्म्याहून कमी नाही इतकी रक्कम जखमी कामगाराला देण्याचा आदेश न्यायालय देऊ शकते. ही सुधारणा मोठी आहे. मात्र दंड होण्यासाठी अपघात नोंदविला जावा लागतो, आणि तो नोंदविण्यासाठी कामगार त्या कारखान्याचा कामगार आहे हे कुठेतरी लिहिलेले असावे लागते. निरीक्षकाचे नाव बदलून 'निरीक्षक-नि-सुविधाकार' झाले आहे आणि तपासणीसाठी कारखान्यांची निवड संगणकाने यदृच्छया करायची आहे. निरीक्षकराजाचा जाच ज्यांनी अनुभवला आहे त्यांना हे बरे वाटेल. पण डबल मारणारी प्रेस संगणकाला कशी दिसणार?

अन्य देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, हे पाहिले तर दोन वेगळे मार्ग दिसतात. अमेरिकेने १९७१ मध्ये 'डायमध्ये हात नकोच' अशी तरतूद नियमांत घातली, पण उद्योगांनी ती अव्यवहार्य असल्याचे सांगितले आणि १९७४ मध्ये ती मागे घेण्यात आली. ब्रिटनने १९६५ पासून पॉवर प्रेससाठी स्वतंत्र नियम केले आणि १९९८ च्या नियमावलीतही प्रेसला वेगळे प्रकरण दिले. त्यातील एक नियम आपण जसाच्या तसा उचलावा असा आहे. हत्यार बदलले वा पुन्हा बसविले की, आणि प्रत्येक पाळीत पहिल्या चार तासांच्या आत, नेमून दिलेल्या जाणकार माणसाने कवच आणि सुरक्षा साधने तपासून त्या कागदावर सही करायची. सही करणाऱ्याचे नाव ठरलेले असते, त्यामुळे अपघातानंतर 'कवच कोणी काढले' हा प्रश्न अनुत्तरित राहत नाही. सामान्यतः अपघात होतात ते हत्यार बदलल्यानंतर, कवच बाजूला काढून ठेवले आणि परत बसविले नाही तेव्हा. हे ओळखूनच तो नियम केलेला आहे. येथे तो चार प्रेसच्या गाळ्यालाही पाळता येईल. त्यासाठी सल्लागार नेमावा लागत नाही.

बाजारातून शिस्त येईल, अशी आशा काही जण बाळगून आहेत. सेबीने बड्या नोंदणीकृत कंपन्यांना आपल्या कारखान्यांबरोबर पुरवठा साखळीविषयीही माहिती देण्याच्या दिशेने ढकलले आहे. पण त्या चौकटीत पुरवठादार मोजला जातो तो कंपनीच्या एकूण खरेदीत त्याचा वाटा दोन टक्के वा अधिक असेल तरच. हजारो कोटींची खरेदी करणाऱ्या वाहन कंपनीच्या हिशेबात तिसऱ्या फळीतला गाळा दोन टक्के सोडाच, दशांश चिन्हानंतरच्या पहिल्या काही घरांतही सापडणार नाही. त्याचा माल थेट कंपनीकडे जातच नाही. त्यामुळे चकचकीत अहवालात सुरक्षेचे पान निर्दोष असते आणि ते खोटेही नसते.

तरीही एक धागा वरपासून खालपर्यंत अखंड जातो, आणि तो म्हणजे डाय. तिसऱ्या फळीच्या गाळ्यात बसविलेले हत्यार पुष्कळदा त्या गाळेवाल्याचे नसतेच. ते बनविण्याचे पैसे वरच्या कंपनीने दिलेले असतात, त्यावर तिचा मालमत्ता क्रमांक कोरलेला असतो, आणि किती ठोक्यांनंतर धार लावायची, किती लाख ठोक्यांनंतर ते बाद करायचे याची नोंद मागितली जाते. हत्यार कसे रंगवावे हेही काही ठिकाणी ठरलेले असते. त्याच आरेखनात कवचाचे चार बोल्ट आणि नग सरकवायची घसरण घातली, कवचाशिवाय हत्यार स्वीकारायचे नाही असे खरेदी करारात लिहिले आणि धारेच्या नोंदीशेजारी कवचाच्या तपासणीचा एक रकाना वाढविला, तर त्यासाठी संसदेच्या अधिवेशनाची वाट पाहावी लागणार नाही. हत्याराच्या किमतीत त्याने पडणारा फरक टूलरूममधील कोणीही कागदाच्या मागच्या बाजूला मांडून दाखवील.